निळ्या दाराचा सिनेमा

देवकाबाईला सिनेमाचं नाव कधीच आठवत नसे. नटनट्यांची तर नाहीच. तिचे सिनेमे वस्तूंच्या नावाने ओळखले जायचे. घंटेचा सिनेमा. छत्रीचा सिनेमा. लंगड्या बैलाचा सिनेमा. पुढे मी शहरात सिनेमावर बोलणारी माणसं ऐकली. आवडत्या दहा सिनेमांच्या याद्या, त्यात परदेशी नावं, आणि कोणाची यादी जास्त वजनदार यावरून चढाओढ. त्यांच्यापैकी एकानेही मला आपला सिनेमा दिला नाही. देवकाबाईने पंधरा-वीस दिले, पोटरीभर चिखलात उभं राहून.

आमचं गाव नागभीडजवळ, छोट्या गाडीच्या रुळाला लागून. सगळा धानाचा मुलूख. रोवणा, म्हणजे धानाची लावणी, सुरू झाला की बारा-पंधरा बायांची रांग बांधीत, पाणी भरलेल्या खाचरात, उतरते. डाव्या हातात पऱ्ह्यांची, रोपांची पेंढी, उजव्या हाताने लावत लावत मागे सरकायचं. कंबर दिवसभर वाकलेली आणि पाठीवर प्लास्टिकची खोळ. या रांगेत देवकाबाईची जागा ठरलेली होती, बरोबर मधली. आवाज दोन्ही टोकांना सारखा पोचला पाहिजे म्हणून. ती उंच आणि हाडकुळी होती, त्यामुळे तिला इतरांपेक्षा जास्त वाकावं लागे. गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा. सिनेमात काही मोठं घडणार असेल तर ती आधी बांधीच्या कडेच्या धुऱ्याकडे तोंड करून थुंकायची, आणि ती थुंकली की सगळी रांग गप्प व्हायची.

रोज एक सिनेमा, आणि रोज वेगळी बाई सांगणार. मी बांधीत उतरण्याच्या कितीतरी आधीपासून ही पद्धत चालू होती आणि ती देवकाबाईनेच पाडलेली होती. कोणी व्हिडिओवर पाहिलेला सांगे, कोणी टीव्हीवरचा, नव्या सुना मोबाइलवरचा. ज्या बाईची पाळी असे तिच्या वाटची एखादी ओळ बाकीच्या लावून टाकत, म्हणजे तिला सांगताना दम लागू नये.

एक मालक होता, नाव घेत नाही. त्याला बायांनी पाठ सरळ केलेली खपत नसे. दुपारी बारा वाजून गेले तरी धुऱ्यावर उभा राहून तो एवढी बांधी उरका, मग जेवा, असं म्हणत राहायचा. एकदा देवकाबाई सांगत होती. नायिकेच्या घराला कुलूप लागलेलं, आत म्हातारा सासरा, आणि बाहेर पाणी चढत चाललेलं. मालकही कान देऊन ऐकत होता, ते तिने तिरक्या नजरेने पाहून ठेवलं होतं. ती थुंकली, सरळ उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, "मध्यांतर."

सगळ्या बाया पेंढ्या टाकून धुऱ्यावर चढल्या. मालक म्हणाला, अवं पण त्या म्हाताऱ्याचं काय झालं? देवकाबाई शिदोरी सोडत म्हणाली, "भाऊ, टॉकीजवाला बी मध्यांतर देते. तुमी तं मोठे लोक." त्या दिवसापासून त्या मालकाच्या बांधीतही जेवणाची सुट्टी वेळेवर व्हायला लागली. कामाच्या तासांवर किती पुस्तिका मी पाठ केल्या होत्या. तिने एका शब्दात काम केलं.

पुस्तिकांचं सांगायला हवं. माझ्या बापाचं सायकल दुरुस्तीचं दुकान. दुकानात दोरीवर एकीकडे ट्यूब टांगलेल्या आणि दुसरीकडे पुस्तिका. जाती तोडा, प्रश्न विचारा, हक्काची मजुरी मागा. रोज संध्याकाळी बाप मला एक मोठ्याने वाचायला लावायचा, आणि पंक्चर काढायला आलेल्या माणसाला ती ऐकावीच लागायची. गोष्टीच्या पुस्तकांआधी मी पत्रकं वाचली. त्यामुळे देवकाबाई मला परचेवाली म्हणायची.

तिच्या रांगेत एक नियम होता. सिनेमा सांगून झाला की तो काऊन आवडला तेही सांगावं लागे. आणि मस्त आहे, गाणे चांगले आहेत, असलं उत्तर चालत नसे. एकीने सांगितलं, त्यातला खलनायक माझ्या भासऱ्यासारखा, मोठ्या दिरासारखा दिसते आणि शेवटी त्याले लय मार पडते. रांगेवर हसून हसून बसायची पाळी आली. देवकाबाईने ते उत्तर मान्य केलं. सुशीला नावाच्या नव्या सुनेने सांगितलं की त्या सिनेमातल्या घरात न्हाणीला दार आहे आणि दाराला आतून कडी आहे. त्यावर कोणी हसलं नाही. माझी आई म्हणाली, माझ्या सिनेमातली बाई झाडून झाल्यावर खराटा हातात धरून नुसतीच बसते, आणि तिले कोणी ऊठ म्हणत नाई. ही माझी आई. एकोणीस वर्षं मी तिच्या घरात राहत होते आणि हे मला तिथे, चिखलात कळलं.

माझी पाळी आली तेव्हा मी संपाचा सिनेमा निवडला. गिरणीतले कामगार, मोर्चा, लांबलचक भाषण. भाषण मला तोंडपाठ होतं, ते मी पूर्ण म्हटलं. मग हा सिनेमा का आवडला तेही सांगितलं. शोषितांची जाणीव, संघटनेची ताकद, इतिहासाची दिशा. देवकाबाईचे हात चालू होते.

"हे तं त्या सिनेमानं तुले शिकोलं," ती म्हणाली. "तुले काय आवडलं ते सांग नं, परचेवाली."

मी फुगले. फणकाऱ्याने दोन ओळी लावल्या. मग माझ्याच नकळत तोंडातून निघालं की त्यात कामगाराची बायको आहे. नवरा जेलात आहे, तरी ती रोज त्याचं ताट वाढते, आणि अन्न वाया जाऊ नये म्हणून त्याच ताटात स्वतः जेवते. आपल्या ताटात कधी जेवत नाही.

"आता सांगतलं तुनं," देवकाबाई म्हणाली.

तिच्या सिनेमांपैकी मला सगळ्यात आवडायचा घंटेचा. एका शाळेतल्या शिपायावर घंटा चोरल्याचा आळ येतो. निर्दोष माणूस, पण गावात कोणी त्याच्या बाजूने बोलत नाही. देवकाबाईच्या सिनेमात शेवटी त्याच गावच्या बाया आपापल्या घरातून ताटं घेऊन निघतात आणि शाळेसमोर ती वाजवत उभ्या राहतात. मी ब्रह्मपुरीला कॉलेजात गेले तेव्हा पहिलंच पत्रक लिहिलं त्यात हे उदाहरण दिलं. सिनेमासुद्धा आपल्याला काय शिकवतो पहा, असं. सभेत एक वयस्कर गृहस्थ उठले आणि फार नम्रपणे म्हणाले की त्यांनी तो सिनेमा दोनदा पाहिला आहे, त्यात कोणी ताटं वाजवत नाही. शिपाई पहाटे एकटाच गाव सोडून जातो, इतकंच आहे. सभेत हशा झाला. वसतिगृहातल्या एकीने मोबाइलवर तो शोधून दिला. ते गृहस्थ खरं बोलत होते.

मी सुट्टीत गावी आले ती रागातच. दुसऱ्या दिवशी बांधीत, सगळ्यांसमोर, मी देवकाबाईला विचारलं. विचारलं कसलं, जाबच मागितला. आमच्या घरात खोट्याला जागा नव्हती. भोळ्या माणसांना खोटं सांगून खूश ठेवणारे लोक आपले सगळ्यात मोठे शत्रू, हे बापाने मला दहा पुस्तिकांतून शिकवलं होतं.

"बाई, ताटं घेऊन बाया येतच नाई त्या सिनेमात. तुमी आम्हाले खोटं सांगतलं."

रांग थांबली. देवकाबाई थांबली नाही. हातातली पेंढी संपवली, दुसरी घेतली, सोडली.

"असन," ती म्हणाली. "आम्ही कोन्ताच शेवट पाह्यला नाई कवा. गाडी राहे ना."

मग तिने सांगितलं ते असं. ती आणि तिची धाकटी बहीण वच्छला, दोघींची लग्नं व्हायची होती तेव्हाची गोष्ट. नागभीडच्या बाजाराच्या दिवशी दोघी छोट्या गाडीने मोहफुलं, चारोळी, रानभाज्या घेऊन जायच्या. दुपारपर्यंत माल संपला की टॉकीजमध्ये शिरायच्या. खेळ एकला सुरू व्हायचा आणि परतीची गाडी चारच्या आत निघायची. ती चुकली तर दुसरी नाही, आणि नागभीडहून रानातून पायी यायची घरून परवानगी नाही. म्हणून प्रत्येक सिनेमाच्या शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांना या दोघी उठायच्या. दार उघडलं की आत उजेड यायचा आणि मागचे लोक शिव्या द्यायचे. गाडीतून उतरल्यावर त्यांच्या माहेरच्या गावापर्यंत चालत यायला पाऊण तास लागे. त्या पाऊण तासात शेवट ठरायचा. एक सुचवणार, दुसरी खोडून काढणार. दोघींचं जमलं नाही तर नाल्याच्या काठावर बसून राहायचं, पण शेवट न ठरवता घरात जायचं नाही. आयुष्यभर ती रांगेत सांगत आली ते हे शेवट.

मी माफी मागितली नाही. तेव्हा मला ते जमत नसे. पण त्या दिवशी कोणीही दुसरा सिनेमा सांगितला नाही, आणि माझ्या वाटची ओळ मी एकटीने लावली.

एकाच सिनेमाचा शेवट दोघींना ठरवता आला नव्हता. तो निळ्या दाराचा. हा तिचा सगळ्यात आवडता, आणि रांगेत तिने तो कधीच सांगितला नाही. मला सांगितला तोही दोन वर्षांनी, तिचं बांधीत उतरणं बंद झाल्यावर. तिचं हृदय मोठं झालं आहे असं चंद्रपूरच्या डॉक्टरने सांगितलं होतं. ते तिला फार विनोदी वाटे. रोवण्याच्या दिवसांत ती धुऱ्यावर बसून सिनेमा सांगायची, पण आवाज टोकापर्यंत पोचेना. मी तिच्याजवळ बसून एकेक वाक्य पुढे ओरडून सांगायचे.

निळ्या दाराच्या सिनेमात दोन बहिणी एका गल्लीत शिवणकामाचं दुकान चालवतात. मोठी बाहेर गेली असताना धाकटी हौसेने दुकानाचं दार निळं रंगवते. मोठीला ते आवडत नाही. तेवढ्यावरून भांडण वाढतं आणि धाकटी निघून जाते. मोठी दाराला दुसरा रंग देत नाही. वर्षं जातात, रंगाचे पोपडे उडतात, दार लाकडाच्या रंगाचं होतं. आणि एका दुपारी धाकटी परत येते. एकेक दार पाहत गल्लीतून चालते आहे. इथे यांची गाडीची वेळ व्हायची. तीन बाजारांना तीनदा त्यांनी तो पाहिला आणि तिन्ही वेळा तिथेच उठल्या. देवकाबाई म्हणायची, ती नखाने लाकूड खरवडून पाहील, आतला निळा दिसेल. वच्छला म्हणायची, नाही, दार निळं नाही म्हणून ती पुढे जाईल. वच्छलाचं लग्न ठरलं तेव्हा दोघींनी ठरवलं, याचा शेवट पाहायचा तर दोघींनी मिळून.

पण वच्छलाशी देवकाबाईचं अठरा वर्षं बोलणं नव्हतं. आई देवकाबाईजवळ वारली तेव्हा वच्छला गोंडपिपरीकडच्या आपल्या सासरी नऊ दिवसांची बाळंतीण होती. आई दोन दिवस तिचं नाव घेत होती. देवकाबाईने निरोप पाठवला नाही. माती झाल्यावर पाठवला. वच्छला चौथ्या दिवशी तान्ही पोर घेऊन आली, अंगणात उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, "माह्यासाठी ठरोणारी तू कोण?" आणि त्याच एसटीने परत गेली.

हे ऐकल्यावर मी तो सिनेमा शोधायला लागले. दोन महिने लागले. दारावरून नाही, देवकाबाईला आठवत असलेल्या एका गाण्यावरून तो सापडला. आणि मी तो एकटीने पाहिला. शेवट तिला दाखवावा असा नव्हता. तरी मी तिच्याकडे गेले आणि म्हटलं, सिनेमा भेटला, पाहता का? तिने मोबाइलकडे पाहिलंही नाही.

"वच्छीबिगर नाई," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "तू पाह्यलास?"

मी हो म्हटलं. तिने पुढे काही विचारलं नाही. माझ्यासारखीला गप्प बसवणं सोपं नाही, पण तिने ते न सांगता केलं.

मी मूल गावी गाडी बदलून गोंडपिपरीकडे गेले. वच्छलाबाई कपाशीच्या वावरात होती. देवकाबाईपेक्षा बुटकी, भरलेली, आणि बोलायला तिखट. मी कोण ते ऐकून म्हणाली, आता माह्या बहिणीनं वकील पाठोला का? मी सिनेमाचं सांगितलं. ती कापूस वेचत पुढे गेली, मी मागे मागे. ओळीच्या टोकाला पोचल्यावर ती वळली.

"मी पाह्यला तो. आई गेली त्याच साली, टीव्हीवर लागला होता. मले उठून बंद करता आला असता. नाई केला. तिनं माह्याबिगर आईले पाह्यलं, मी तिच्याबिगर शेवट पाह्यला."

मी येणार का विचारलं. नाही म्हणाली. निघताना मागून तिने विचारलं, ती किती चालते आता. अंगणातून विहिरीपर्यंत जाताना एकदा बसावं लागतं, असं मी सांगितलं. ती पुढच्या ओळीत कापूस वेचायला शिरली.

तीन आठवड्यांनी, जानेवारीत, भर दुपारी ती एसटीतून उतरली. पिशवीत तुरीच्या शेंगा. मला बोलावणं आलं. दोघी अंगणात सतरंजीवर बसल्या होत्या, मध्ये हातभर अंतर. बोलणं शेंगांवर चाललं होतं, यंदा कीड किती, दाणा कसा. मी मोबाइल पायलीला टेकवून लावला. दोघी वाकून पाहायला लागल्या. एकदोनदा दोघीही एकाच ठिकाणी हसल्या. धाकटी गल्लीत शिरली, दारं पाहत चालू लागली, आणि वच्छलाबाईने पुढे होऊन पडद्यावर तळहात ठेवला.

"बाई, मी पाह्यला आहे हा."

मी मोबाइल बंद केला. देवकाबाईने विचारलं, कवा? वच्छलाबाईने सांगितलं. एकटीनं? एकटीनं, पोरगी मांडीवर झोपली होती. देवकाबाईचा श्वास ऐकू येत होता. मला वाटलं आता ती उठून घरात जाईल.

"तं मंग सांग," ती म्हणाली. "दाखवू नको. सांग."

वच्छलाबाईने सांगितलं. धाकटी त्या दारासमोर येते आणि थांबते. दार निळं नाही. ती पुढे निघते. आत मोठी यंत्रावर बसलेली आहे. तिला खिडकीतून सगळं दिसतं आहे. ती उठते, दारापर्यंत येते, कडीला हात लावते. मग हात काढते, परत जाऊन बसते आणि यंत्र चालवायला लागते. बस. नुसता यंत्राचा आवाज राहते.

तसंच होतं ते. एक शब्द तिने इकडचा तिकडे केला नाही.

"दारापर्यंत आल्ती," देवकाबाई म्हणाली. "हाक काऊन नाई मारली तिनं?"

"तूच सांग."

शेजारच्या कोंबड्या अंगणात येऊन तुरीच्या पिशवीभोवती फिरून गेल्या.

"तू ओली बाळंतीण होतीस, वच्छे. रस्त्यात तुले काही झालं असतं तं."

"मी आली नसती, असं बी झालं असतं. पण हाक माराची होती, बाई. येनं न येनं माह्यं होतं."

"हाव," देवकाबाई म्हणाली. "चुकलं माह्यं."

वच्छलाबाईने पिशवी ओढली आणि शेंगा सोलायला लागली. मूठभर तिने देवकाबाईच्या पुढ्यात टाकल्या. मी निघून आले. खोट्यावर आणि खऱ्यावर मी इतकं लिहिलं आहे, पण खरं किती वेळ आणि कोणाच्या तोंडून यायची वाट पाहतं, हे मला कोणत्या पुस्तिकेत सापडलं नव्हतं.

दोन दिवसांनी वच्छलाबाई तिला आपल्याकडे घेऊन गेली. थोडे दिवस म्हणून. देवकाबाई तिकडेच उन्हाळ्यात वारली. वच्छलाबाईने वेळ असतानाच निरोप पाठवला होता, पण मी तेव्हा नागपूरला एका सभेत होते आणि पोचेपर्यंत सगळं झालं होतं. आता मी सिनेमे पाहते, पूर्ण पाहते, कोणतीच गाडी पकडायची नसते. संपल्यावर मी तशीच बसून राहते. विचारणारं कोणी नसतं.

तिला मी शेवटचं पाहिलं ते एसटी थांब्यावर. औषधांची पिशवी मी चढवून दिली होती आणि पाण्याची बाटली राहिली म्हणून घरी जाऊन ती घेऊन धावत परत आले. गाडी सुरू झाली होती. देवकाबाई खिडकीशी होती, पण तोंड आत, बहिणीकडे. मी पत्र्यावर थाप मारली, हाक मारली. इंजिनाच्या आवाजात तिला ऐकू गेलं नाही. ती काहीतरी सांगत होती. एक हात वर उचलून कशाची तरी उंची दाखवत होती, वासराएवढी असेल, आणि वच्छलाबाई मान हलवून नाही, तेवढी नाही, असं म्हणत तिचा हात खाली दाबत होती. गाडी वळणावर गेली तोवर तो हात पुन्हा वर आला होता.